अपंगत्वविषयक कायदा : परदेशातील पदव्युत्तर शिक्षणाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी गेली चार वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करते. माझी दृष्टी लहानपणापासून अधू असून वाचन-लेखन स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ मुलांचे कायदेशीर पालकत्व मिळावे, यासाठी आईवडील स्थानिक स्तर समितीकडे (राष्ट्रीय न्यास कायद्याखालील जिल्ह्याच्या समितीकडे) जे अर्ज करतात, ते मी तयार करून देते. बहुतेक वेळा निमित्त बँकेतल्या खात्याचे किंवा जमिनीतल्या हिश्श्याचे असते. त्या मुलाला स्वतःला काय हवे आहे, हे मात्र अर्जात कुठेच येत नाही. याच विषयात परदेशी एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करण्याची इच्छा आहे. विद्यापीठ कोणते निवडावे, खर्च कसा भागवावा आणि परतल्यावर पदवीचा उपयोग काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याला खटकते ते संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराच्या बाराव्या अनुच्छेदाशी थेट निगडित आहे. प्रत्येक अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे आणि ती वापरण्यासाठी लागणारे साहाय्य पुरवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे तो अनुच्छेद सांगतो. भारताने 2007 मध्ये या कराराला मान्यता दिली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या चौदाव्या कलमात संबंधित व्यक्तीशी सल्लामसलत करून निर्णय घेणारे मर्यादित पालकत्व आले. पण आपले अर्ज ज्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जातात, तो करारापूर्वीचा आहे आणि आजही लागू आहे.

म्हणून माझी पहिली पसंती आयर्लंडमधील गॉलवे विद्यापीठाला राहील. तेथील अपंगत्व कायदा व धोरण केंद्र 2008 मध्ये प्रा. जेरार्ड क्विन यांनी उभे केले. पुढे ते याच विषयाचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक (स्वतंत्र तज्ज्ञ) झाले. आंतरराष्ट्रीय व तुलनात्मक अपंगत्व कायद्याचे एक वर्षाचे एलएलएम तेथे आहे, आणि प्रा. एलिनोर फ्लिन यांचे काम तर कायदेशीर क्षमतेवरच आहे. केंद्राच्या नावापेक्षाही तो देश आपल्याला अधिक शिकवील. आयर्लंडमध्ये प्रौढ व्यक्तीला न्यायालयाच्या ताब्यात देण्याची पद्धत 1871 च्या, वेड्यांसंबंधीच्या कायद्यावर चालत होती. ती मोडणारा कायदा 2015 मध्ये संमत झाला, पण पूर्णपणे अंमलात आला 26 एप्रिल 2023 रोजी. आता एखाद्याला निर्णयासाठी नुसता साहाय्यक नेमता येतो, सोबत मिळून निर्णय घेणारा सहनिर्णायक नेमता येतो, आणि अगदीच आवश्यक असेल तर न्यायालय त्याच्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमते. या शेवटच्या पायरीत जुने पालकत्वच मागल्या दाराने परत आले आहे, अशी टीका तेथेही होते. मधली सात-आठ वर्षे कशात गेली आणि नव्या व्यवस्थेत जुने किती उरले, हे जवळून पाहणे आपल्याकडच्या वकिलाला कायद्याच्या कलमांइतकेच उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

प्रवेशाच्या निवेदनात ‘समाजसेवेची आवड’ वगैरे लिहू नये. तशी निवेदने ढिगाने येतात. आपण हाताळलेला एक अर्ज, ओळख पूर्ण लपवून, तपशिलात मांडावा : बँकेने काय मागितले, समितीने काय विचारले, कोणाला विचारलेच नाही.

खर्चासाठी प्रथम आयर्लंड सरकारची आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती पाहावी. तीत एका वर्षाचे पूर्ण शुल्क माफ होते आणि 10,000 युरो निर्वाहासाठी मिळतात, अर्थात चुरस मोठी असते. आपल्या केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाचीही परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे, परंतु जागा मोजक्या आणि उत्पन्नाची अट आहे. दोन्हींची वेळापत्रके विद्यापीठाच्या प्रवेशाशी जुळतीलच असे नाही, म्हणून अर्ज वर्षभर आधी हाती घ्यावेत. आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत वाढीव वेळ किंवा सुलभ स्वरूपातील प्रश्नपत्रिका मिळते. ही सवलतही काही महिने आधी मागावी लागते.

तेथे गेल्यावर आपले युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, फारसे कामाला येणार नाही. आपल्याकडे प्रमाणपत्र टक्के सांगते आणि 40 टक्क्यांच्या रेषेवर पुढचे सारे ठरते. तेथील विद्यापीठाचा अपंगत्व सेवा विभाग मात्र आपल्याला नेमके काय लागते, हे विचारतो. डॉक्टरांकडून इंग्रजीत असा अहवाल घ्यावा की ज्यात टक्क्यांबरोबर किती मोठे छापील अक्षर वाचता येते, सलग किती वेळ वाचता येते, हेही असेल. प्रवेश निश्चित होताच वाचनसूची मागवून घ्यावी, कारण स्कॅन केलेली पाने स्क्रीन रीडर वाचत नाही आणि ती सुलभ करून मिळण्यास वेळ लागतो.

उपयोगाबद्दल स्पष्टच सांगतो : या पदवीने जिल्हा न्यायालयातील आपली फी वाढणार नाही. आयर्लंडमध्ये पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांपर्यंत राहून काम शोधता येते, पण तेवढ्या पदवीवर तेथे वकिली करता येत नाही. धोरणविषयक संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना, संशोधन आणि जनहित याचिका हे खरे मार्ग. महाराष्ट्रात 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, त्यालाही या विषयाचे जाणकार लागतील. मात्र ती आशा आहे, नोकरी नव्हे. विधी महाविद्यालयात शिकवण्याचा विचार असेल, तर एक वर्षाच्या परदेशी एलएलएमच्या समकक्षतेचा खुलासा बार कौन्सिल ऑफ इंडियाकडून लेखी घेतल्याशिवाय शिक्षणकर्ज काढू नये.

प्रश्न : मी विशेष शिक्षिका आहे, कायद्याची पदवी नाही. मला या विषयात परदेशी शिकता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, पण एलएलएमचा हट्ट धरू नये. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात अपंगत्व अभ्यासाची मोठी परंपरा आहे. अपंगत्व शरीरापेक्षा समाजाच्या रचनेतून निर्माण होते, ही मांडणी रुजवण्यात तेथील प्रा. कॉलिन बार्न्स यांचा मोठा वाटा आहे, आणि अपंगत्व अभ्यासाच्या तेथील एमएला कायद्याची पदवी लागत नाही. ब्रिटनसाठी तेथील सरकारची चीव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. शाळेतील आपला अनुभव यात धरला जाईल. तत्पूर्वी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील या विषयाचे अभ्यासक्रम अवश्य पाहावेत. आपले काम मराठी शाळांतच पुढे न्यायचे असेल, तर कदाचित परदेशी जाण्याची गरजही पडणार नाही.