अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळू लागले, त्याने काय बदललं?

खेळाडू विद्यार्थ्यांना पैसे देऊन अमेरिकेतले कॉलेजचे खेळ बिघडतायत का, असं तुम्ही विचारलंय. मी ओहायोत, कोलंबसला राहतो. मुलगी पोहते, त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर हा विषय रोज असतो. मला वाटतं पैसे देणं बरोबरच होतं, ते फार उशिरा झालं. चुकतंय ते वाटपात.

इथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल (म्हणजे चेंडू हातात घेऊन, धडका देत खेळतात तो अमेरिकन फुटबॉल) स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात. तिकिटं, टीव्हीचे हक्क, प्रशिक्षकाला वर्षाला लाखो डॉलर. आणि हाडं मोडून घेणाऱ्या पोराला फक्त शिष्यवृत्ती. 2010 मध्ये याच संघातल्या पाच जणांवर पाच सामन्यांची बंदी आली. का, तर त्यांनी स्वतःच्या जर्सी, अंगठ्या देऊन पैसे घेतले आणि टॅटू काढून घेतले होते. स्वतःच्या वस्तू! मला तो अन्यायच वाटला होता.

जुलै 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावायची मोकळीक मिळाली. मग जून 2025 मध्ये खेळाडूंनी केलेल्या दाव्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि 1 जुलैपासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो, उरलेल्यातला बराचसा मुलांच्या बास्केटबॉलला.

पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स यांच्या वाट्याला चिल्लर. त्यात याच तडजोडीने संघांना संख्येची मर्यादा घातली. पोहण्याच्या संघात आता 30 जण. पूर्वी शिष्यवृत्तीशिवाय, केवळ आवडीने संघात सराव करणारी मुलं असायची. पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडली. मुलीच्या क्लबमधल्या एका पोरीला कबूल केलेली जागा ऐनवेळी नाही म्हणून कळवलं. पहाटे साडेचारला उठून दहा वर्षं पोहलेली पोर ती. आणि अमेरिकेच्या ऑलिंपिक संघातले किती तरी जलतरणपटू कॉलेजच्या तलावांतूनच आलेत.

तुमचं मूल भारतातून टेनिस किंवा पोहण्यासाठी इकडे येणार असेल तर एक सांगतो. विद्यार्थी व्हिसावर काम करायला कडक बंधनं आहेत, त्यामुळे या नव्या पैशावर हिशेब मांडू नका. शिष्यवृत्ती किती, किती वर्षांची आणि संघात जागा पक्की आहे का, हे प्रशिक्षकाकडून लेखी घ्या.