प्राण्याची जात ओळखली की झालं ना? तो कुठे सापडला याची नोंद इतकी महत्त्वाची का?

नाही, तेवढ्यावर भागत नाही. रानपिंगळ्याचंच उदाहरण घ्या. पक्षी अभ्यासक ॲलन ह्यूमने 1873 मध्ये या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. पुढे 1880च्या दशकात जेम्स डेव्हिडसनने खानदेशातून काही नमुने, म्हणजे मारून जतन केलेले पक्षी, जमवले. त्यानंतर पक्षी जणू गायबच झाला. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाने ब्रिटिश संग्रहालयातला एक जुना नमुना चोरला आणि 1914 साली गुजरातेत मांडवीला तो आपणच मिळवल्याची चिठ्ठी त्याला लावली. एका खोट्या चिठ्ठीमुळे शोधणारे चुकीच्या जागी भटकले! पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी हा बनाव उघडा पाडला, खऱ्या जुन्या नोंदी धरल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत सापडला. डेव्हिडसनच्या शेवटच्या नमुन्यानंतर तब्बल 113 वर्षांनी. पुढे तो मेळघाटात आणि तानसा अभयारण्यातही दिसला.

वर्गीकरण बदलू शकतं. ह्यूमने याला स्वतंत्र प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठेवलं होतं, नंतर तो साध्या पिंगळ्याच्या प्रजातीत गेला. अशी चूक नमुना पुन्हा अभ्यासून सुधारता येते. ठिकाण आणि तारीख मात्र तिथल्या तिथेच लिहावी लागते. म्हणून प्राण्या-पक्ष्यांचे फोटो इंटरनेटवर टाकताना गाव, तालुका, तारीख, अधिवास जरूर लिहा. फक्त दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नका.