कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊ नका

प्रश्न : नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. बाहेरगावच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. काही गिऱ्हाइकं कार्डाचा फोटोच पाठवून ‘तुम्हीच पैसे कापून घ्या’ म्हणतात. पत्ते आणि मोबाइल नंबरांची एक्सेल फाइल सगळ्या कामगारांच्या फोनवर आहे. काय बदलावं?
— चादरविक्रेते, सोलापूर

उत्तर : कार्डाचे फोटो घेणं आजच थांबवा. चॅटमधून पुसलेला फोटो बऱ्याचदा गॅलरीत उरतो, तिथून गुगल फोटोजच्या बॅकअपमध्ये जातो. तिन्ही ठिकाणांहून काढा, ‘ट्रॅश’ही रिकामा करा. यापुढे पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेची, लिंक पाठवा. गिऱ्हाईक कार्डाचा नंबर गेटवेच्या पानावर भरतं. तुम्हाला फक्त ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि पैसे जमा झाले की नाही एवढं कळतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. हिशेब जुळवायला शेवटचे चार अंक आणि बँकेचं नाव पुरतं. सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा छोटा गुप्त क्रमांक, तर व्यवहार झाल्यावर कुणीच ठेवायचा नसतो.

यूपीआयने पैसे आले, तर स्क्रीनशॉट मागू नका. तो बनावट असू शकतो, आणि त्यात गिऱ्हाइकाचा यूपीआय आयडी विनाकारण तुमच्या फोनवर येऊन पडतो. 12 अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, विचारा आणि आपल्याच खात्याच्या नोंदीत पाहा.

खरी जोखीम त्या एक्सेल फाइलची आहे. फाइल बाहेर गेली, की ठग गिऱ्हाइकाला फोन करून म्हणतो, ‘तुमची डबल बेडची चादर सोलापुरातून निघालीय, पत्ता अपुरा आहे, लिंकवर पाच रुपये भरा.’ कुठून काय मागवलं हेही तो अचूक सांगतो, मग कोण शंका घेणार? म्हणून मूळ फाइल पासवर्ड घालून एकाच संगणकावर ठेवा. पार्सल बांधणाऱ्याला त्या दिवसाचे नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल एवढंच छापून द्या. चुकलेली लेबलं रद्दीत न टाकता फाडा. जीएसटीसाठी बिलं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात, हे खरं. पण ती हिशेबाच्या दप्तरात. कामगारांच्या फोनवर त्यांचं काय काम?

दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपला सहा अंकी टू-स्टेप पिन लावा. कुणी काम सोडलं, की ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन त्याचं उपकरण लगेच लॉगआउट करा.

प्रश्न : एका वेबसाइटवर सोलापुरी चादर निम्म्या दरात दिसते. पत्त्यापुढे कुलपाचं चिन्ह आहे. कार्ड वापरावं का?
— गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ती वेबसाइट यांच्यामधली माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. वेबसाइट ठगाची असली, तरी कुलूप दिसतंच. विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी ते देणं बंधनकारक आहे. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकून नाव जुळतं का बघा. जुळलं नाही तर सोडून द्या, चादर स्वस्त असली तरी. जुळलं, तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाची ऑनलाइन मर्यादा खरेदीपुरती ठेवा, नंतर ऑनलाइन वापर बंद करा.

प्रश्न : परतावा देण्यासाठी विक्रेता क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. टाकावा का?
— वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. टाकून बसला असाल, तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, लगोलग बँकेला कळवा. यूटीआर, रक्कम, तारीख, वेळ हाताशी ठेवा. पैसे ठगाने पुढच्या खात्यात वळवण्याआधी ते गोठवता आले तरच हाती लागतात.