वाचकांचे प्रश्न : चाक्कु आणि विकुन्या

प्रश्न : येत्या जूनमध्ये आम्ही दोघे पेरूला जाणार आहोत. आंदेस पर्वतात विकुन्या नावाच्या रानटी प्राण्यांना माणसांची साखळी करून घेरतात आणि त्यांची लोकर कातरतात, असे वाचनात आले. हा प्राण्यांचा छळ नव्हे काय? आणि तो सोहळा आम्हाला पाहता येईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण वाचलेल्या प्रथेला चाक्कु म्हणतात. हा आंदेसमधल्या केचुआ भाषेतला शब्द आहे. आपल्या चाकूशी त्याचा संबंध नाही. विकुन्या हा उंटाच्या कुळातला, हरणासारखा सडपातळ प्राणी असून अल्पाका हा त्याचाच माणसाळलेला वंशज मानला जातो. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी पेरूवर राज्य करणाऱ्या इंकांच्या काळी त्याची लोकर केवळ राजघराण्यासाठी असे, आणि ती मिळवण्यासाठी हजारो माणसे डोंगर वेढून कळप एकत्र आणत, लोकर कातरत व प्राण्यांना पुन्हा मोकळे सोडत.

स्पॅनिश राजवटीत बंदुका आल्या, कातरण्याऐवजी मारणे सोपे झाले आणि 1960 च्या दशकापर्यंत पेरूत अवघे काही हजार विकुन्या उरले. 1967 मध्ये दक्षिण पेरूतल्या उंच पठारावर पाम्पा गालेरास हे राखीव क्षेत्र स्थापन झाले. पण माझ्या मते खरा फरक 1995 च्या कायद्याने पडला, कारण ज्यांच्या जमिनीवर हे कळप चरतात त्या गावांना जिवंत विकुन्याच्या लोकरीवर हक्क मिळाला. ज्या प्राण्यापासून गावाला उत्पन्न मिळते त्याची राखण गावच करू लागले, आणि 2012 च्या गणनेत पेरूतील संख्या दोन लाखांच्या वर गेली.

छळाविषयीची आपली शंका रास्त आहे. रानटी प्राणी पकडला की घाबरतो, यात दुमत नाही. म्हणून चाक्कुत रंगीत फिती बांधलेला लांब दोर धरून शेकडो लोक हळूहळू पुढे सरकतात, कळप नरसाळ्यासारख्या कुंपणात शिरतो, आणि ज्यांची लोकर पुरेशी वाढलेली नाही ते प्राणी न कातरताच सोडून देतात. एका प्राण्यापासून जेमतेम दोनशे-अडीचशे ग्रॅम लोकर मिळते, तीही साधारण दोन वर्षांतून एकदा. मला अधिक खटकते ते हे की, या लोकरीच्या शाली परदेशी दुकानांत प्रचंड किमतीला विकल्या जातात आणि गावांच्या वाट्याला त्यातला अगदी लहान हिस्सा येतो. चोरटी शिकारही अजून पूर्णपणे थांबलेली नाही.

पाम्पा गालेरासचा प्रसिद्ध चाक्कु 24 जूनच्या सुमारास होतो. आरंभी कोकाची पाने आणि चिचा ही मक्याची दारू अर्पण करून पाचामामेची, म्हणजे धरणीमातेची परवानगी मागतात. त्याच 24 तारखेला इंकांची जुनी राजधानी असलेल्या कुस्कोत इंती रायमी हा सूर्योत्सव असतो, त्यामुळे दोहोंपैकी एकच निवडावा लागेल. आपला कल प्राण्यांकडे दिसतो, तेव्हा मी चाक्कुच सुचवेन. नेमका दिवस मात्र त्या वर्षी विचारून पक्का करावा.

पाम्पा गालेरासचे हे पठार सुमारे 4,000 मीटर उंचीवर आहे. खालचे नास्का शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 500 मीटरवर असल्यामुळे तिथून थेट वर चढल्यास विरळ हवेचा त्रास होण्याचा धोका मोठा. त्यापेक्षा आधी कुस्को आणि माचू पिक्चूत काही दिवस राहून शरीराला उंचीची सवय करावी, मग नास्काकडे उतरणाऱ्या रस्त्याने वाटेतल्या पुकियो या गावी यावे, तिथे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पठारावर जावे. जूनमध्ये तिथे पाऊस नसतो, मात्र रात्री तापमान शून्याखाली जाते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

प्रश्न : पेरूच्या बाजारात विकुन्याची शाल स्वस्तात मिळते, असे कोणी सांगितले. घ्यावी का? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : घेऊ नये. खऱ्या विकुन्या कापडावर अधिकृत खूण विणलेली असते आणि ते स्वस्त नसतेच. रस्त्यावर त्या नावाने विकतात ती बहुधा अल्पाकाची, कधी तर कृत्रिम धाग्याचीही शाल असते. आणि लोकर खरोखरच विकुन्याची असून कागदपत्रे नसतील, तर ती शिकार केलेल्या प्राण्याची असण्याची शक्यता आहे. अल्पाकाची शाल अल्पाकाचीच म्हणून, विणणाऱ्या बाईकडून घ्यावी. तीही पुरेशी ऊबदार असते.