अंधेरी: उभ्या मुंबईतलं आडवं उपनगर

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. अंधेरी एवढी मोठी आणि एवढी अस्ताव्यस्त कशी झाली, हा पहिला. सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरी पूर्वेच्या निर्यात क्षेत्रात, नोकरी लागली आहे तर घर पश्चिमेच्या लोखंडवालाकडे बघावं की पूर्वेला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नीट कळलं की दुसऱ्याचं आपोआप सापडतं, म्हणून जरा लांबण लावतो.

‘मेट्रो आली आणि अंधेरी वाढली’ असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. मेट्रो यायच्या तीन वर्षं आधीच्या, म्हणजे २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या के-पूर्व वॉर्डाची लोकसंख्या ८ लाख २३ हजार आणि के-पश्चिमची ७ लाख ४८ हजार होती. या दोन वॉर्डांत पार्ले आणि जोगेश्वरीचा भागही येतो हे खरं, पण दोन्ही मिळून तेव्हाच्या अख्ख्या नाशिक शहरापेक्षा जास्त माणसं इथे राहत होती. मेट्रो आली ती आधीच तुडुंब भरलेल्या अंधेरीत.

अंधेरीला लोक राहायला आले त्याहून जास्त कामाला आले, असं माझं ठाम मत आहे. बाकीची बरीच उपनगरं सकाळी रिकामी होतात आणि रात्री भरतात. अंधेरी सकाळीच भरते. आणि इथली खरी अडचण अशी की मुंबईचे लोहमार्ग आणि महामार्ग सगळे उभे, उत्तर-दक्षिण. अंधेरीची रोजची ये-जा मात्र आडवी, पूर्व-पश्चिम. घरं एका अंगाला, कारखाने-ऑफिसं दुसऱ्या अंगाला, मध्ये रुळांची रांग. इथल्या इतिहासातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट फिरून याच आडव्या वाटेवर येते.

मुळात अंधेरी नावाचं एक मोठं गाव कधी नव्हतंच. साष्टी बेटावरची ही विखुरलेली खेडी: आंबोली, मोगरा, गुंदवली, चकाला, कोंडिविटा, मरोळ, सहार, मजास, ओशिवरा, आणि समुद्राकडे वेसाव्याचा (वर्सोव्याचा) कोळीवाडा. वस्ती मात्र फार जुनी. महाकालीची १९ बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली, जोगेश्वरीचं लेणं सहाव्या शतकातलं. १५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी. पोर्तुगीज काळात इथल्या बऱ्याच शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आज ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो ती हीच मंडळी, घरात मराठीचीच बोली बोलणारी. १५७९ मध्ये कोंडिविट्याला जेझुइट पाद्र्यांनी चर्च बांधलं. १८४० च्या साथीनंतर गाव उठलं आणि चर्चची सगळी व्यवस्था मरोळला गेली. त्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि कुठे, तर तुमच्या सीप्झच्या कुंपणाच्या आत. वर्षातून एकदा तिथे मिस्सा (सामूहिक प्रार्थना) होते. नोकरीला लागलात की जेवणाच्या सुट्टीत जरूर बघून या; चार शतकांहून जुनी वास्तू इतकी जवळ असून आत काम करणाऱ्या कितीतरी जणांना तिचा पत्ता नसतो.

मुंबईशी नातं जुळलं ते १८४५ च्या माहीम कॉजवेमुळे. त्याआधी खाडी होडीनं ओलांडावी लागे. लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी पैसे दिले आणि रस्ता झाला. मग बीबीसीआय रेल्वे (आजची पश्चिम रेल्वे) आली. १२ एप्रिल १८६७ ला विरार ते दक्षिण मुंबईतलं बॅकबे अशी दिवसाला एक गाडी सुरू झाली, तिच्या थांब्यांत अंधेरी होती. तरी पुढची तीस-चाळीस वर्षं फारसं काही बदललं नाही. भातशेती, ताडी-माडी, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर श्रीमंतांचे हवापालटाचे बंगले. चार बंगला आणि सात बंगला ही नावं त्याच काळातली. १८९६ च्या प्लेगनं मात्र शहरातल्या माणसांना मोकळ्या हवेची किंमत कळली. १९१५ मध्ये नगररचनेचा कायदा झाला, वांद्र्यापासून वर रस्ते आखून प्लॉट पडू लागले. पार्ले आणि अंधेरीची मिळून एक नगरपालिका होती. जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि नोकरदारांना इथे घर करणं परवडायला लागलं.

१९२८ सालचीच दुसरी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नसते, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. त्या वर्षी अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेपर्यंत जाणारी एक आडवी रेल्वे सुरू झाली. साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे. म्हणजे पश्चिमेचा आणि मध्यचा लोहमार्ग जोडणारी गाडी अंधेरीला मिळाली होती! १९३४ मध्ये ती बंद पडली आणि रूळ उखडले गेले. त्यानंतर आडवी जाणारी गाडी अंधेरीत पुन्हा आली ती थेट २०१४ मध्ये, मेट्रोच्या रूपानं. मधली ऐंशी वर्षं लक्षात घ्या. सगळी वाढ या ऐंशी वर्षांत झाली, आणि तिचा मोठा भार अंधेरी-कुर्ला रोडनं वाहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचा विमानतळ झाला. (त्याआधी विमानं जुहूला उतरत. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते.) नंतर विमानतळ सहारकडे पसरला, १९८० च्या दशकात तिथे आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभं राहिलं. यात सहार-मरोळच्या गावकऱ्यांच्या शेतजमिनी गेल्या. विमानतळाचे परिणाम तुम्ही रोज बघाल. दक्षिणेचा रस्ता धावपट्टीनं अडवलेला. विमानांच्या वाटेखाली इमारतींच्या उंचीवर बंधन, त्यामुळे पार्ले आणि अंधेरी पूर्वेच्या काही भागांत टॉवर दिसत नाहीत. आणि मिठी नदी. विहार आणि पवईच्या तलावांचं पाणी घेऊन ती मरोळ-साकीनाक्याकडून येते, धावपट्टीपाशी तिला काटकोनात वळवलेलं आहे, काठांवर वस्ती आणि वर्कशॉप. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा या नदीला जायला वाटच राहिली नव्हती. पाऊस अफाट होता हे खरं, पण नदी आपणच आवळली होती हेही तितकंच खरं. याबद्दल बोलायचं टाळलं तर अंधेरीचा इतिहास सांगण्यात अर्थ नाही.

१९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. अंधेरी कागदोपत्री मुंबईत आली. मग तो टप्पा येतो ज्यानं अंधेरीचा चेहरा ठरवला. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं आणि मरोळला औद्योगिक वसाहत आखली गेली. १९७३ मध्ये त्याला लागून सीप्झ आलं, निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा माल बनवणारं क्षेत्र. ऐंशीच्या दशकाअखेर तिथे हिरे-दागिन्यांचे कारखाने आले, सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी काही तिथल्याच. साकीनाका आणि चकाल्याला खासगी इंडस्ट्रियल इस्टेटी उभ्या राहिल्या: औषधं, सुटे भाग, छपाई, पॅकिंग, एकेका गाळ्यात एकेक धंदा.

हा भाग आखलाच नाही का, असं तुम्हाला वाटेल. आखला होता. एमआयडीसीचे रस्ते नकाशावर बघा, सरळ आणि रुंद आहेत. कारखाने आखले, कामगार कुठे राहतील हे आखलं नाही. हजारो माणसं कामाला आली आणि त्यांनी डोंगरउतारावर, नाल्याकाठी, विमानतळाच्या मोकळ्या जमिनीवर आपापली सोय केली. त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. काम देणाऱ्यांनी आणि योजना करणाऱ्यांनी जी बाजू कोरी ठेवली, ती या माणसांनी स्वतःच्या हातांनी भरली. अस्ताव्यस्तपणाचं दुसरं कारण जुनी गावठाणं. गावठाणाच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या, आणि नवे रस्ते त्यांनाच येऊन मिळाले. मरोळ किंवा चकाल्याला रुंद रस्ता एकदम चिंचोळा होतो, क्रूस दिसतो, कौलारू घर दिसतं, तिथे तुम्ही मूळ गावात शिरलेले असता.

पश्चिमेची कहाणी वेगळी. डी. एन. नगर, आझाद नगर या मध्यमवर्गीय आणि कामगार वसाहती. १९४६ पासूनचं भवन्स कॉलेज. आणि त्यापलीकडे थेट खाडीपर्यंत दलदल, तिवरं. ऐंशीच्या दशकात तिथे भराव घालून लोखंडवाला कॉम्प्लेक्स उभं राहिलं. १९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या, मालिकांचा धंदा वाढला, आणि गोरेगावची चित्रनगरी जवळ म्हणून निर्मात्यांची ऑफिसं, एडिटिंग रूम, लेखक-कलाकारांची भाड्याची घरं वीरा देसाई रोड ते ओशिवरा या पट्ट्यात गोळा झाली. त्याच सुमारास पूर्वेचे कारखाने बंद पडू लागले आणि त्यांच्या जागी काचेची ऑफिसं, हॉटेलं, कॉल सेंटर आली. म्हणजे कामाचं रूप बदललं, कामाची जागा पूर्वच राहिली. फरक एवढाच, की पूर्वी कामगार कारखान्याला चालत जाईल इतक्या जवळ राहायचा. आता पाच मजल्यांचं एक ऑफिस विरारपासून बदलापूरपर्यंतची माणसं ओढून आणतं.

गिल्बर्ट हिलचा उल्लेख केल्याशिवाय पश्चिम सोडवत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे उभे काळे खांब, सुमारे ६० मीटर उंच, वर गावदेवीचं मंदिर. असं भूशास्त्रीय आश्चर्य जगात मोजक्या ठिकाणी आहे, आणि आपण ते चारही बाजूंनी खणून काढून त्याला इमारतींनी वेढलं. उरलंय तेवढं तरी नीट जपावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता पुन्हा आडवी वाट. रूळ ओलांडायला वाहनांसाठी जागा मोजक्याच. रुळांखालून जाणारा अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बंद होतो, कारण मोगरा नाला भरला की पाणी सखल भागात, म्हणजे सबवेतच, उतरतं. रुळांवरच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ ला कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल पूर्ण बंद झाला, एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, दुसरी मे २०२५ मध्ये. एक पूल बंद झाला तर पार्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंतची वाहतूक कशी कोलमडते, हे तेव्हा सगळ्यांनी सोसलं. ही अडचण जुनीच, म्हणूनच ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा इथल्या माणसांना जो आनंद झाला, तो बाहेरच्यांना कळणं कठीण आहे. फक्त ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं, पण बरोब्बर त्या आडव्या वाटेवर.

तर तुमचं घर. लोखंडवालाहून सीप्झला मेट्रोनं जाता येतं: मेट्रो-२ए नं अंधेरी पश्चिम, पूल ओलांडून डी. एन. नगर, तिथून वर्सोवा-घाटकोपर मेट्रोनं मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याहून भुयारी मेट्रो-३ नं सीप्झ. पण गाड्या दोनदा बदलायच्या, शिवाय दोन्ही टोकांना चालणं किंवा रिक्षा. लोखंडवाला ते विक्रोळी असा मेट्रो-६ चा मार्ग सीप्झजवळून जाणार आहे. त्याचं काम चालू आहे, आज त्याच्या भरवशावर घर घेऊ नका. पश्चिमेला राहण्याचं दुसरं काही कारण नसेल, मुलांची शाळा किंवा घरच्यांची नोकरी वगैरे, तर पूर्वेलाच बघा: महाकाली केव्हज रोड, शेर-ए-पंजाब कॉलनी, मरोळ, मजास. मिठीच्या आणि नाल्यांच्या जवळची तळमजल्याची जागा टाळा, आणि शक्य असेल तर घर पसंत करण्याआधी जुलैत, भर पावसात एकदा त्या गल्लीतून जाऊन या. भाड्याचं घर असेल तर ऑफिसला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर घ्या. रूळ ओलांडावे न लागणं ही अंधेरीत सर्वांत मोठी सोय आहे.