टेक्सासचा परवाना ॲरिझोनात चालेल का?

प्रश्न : लेक टेक्सासमध्ये नर्स आहे, परवाना बहुराज्य आहे. आता बिऱ्हाड ॲरिझोनाला हलवतेय. जुनाच परवाना चालेल ना? – एक आई, नाशिक रोड

उत्तर : थोडे दिवसच. दोन्ही राज्यं नर्सिंगच्या परवाना करारात आहेत, म्हणजे एका राज्याच्या बहुराज्य परवान्यावर करारातल्या इतर राज्यांतही काम करता येतं, पण बहुराज्य परवाना कायम राहण्याच्या राज्याचाच लागतो. राहायला गेल्यापासून ६० दिवसांत तिने ॲरिझोनाच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करावा. हा नियम २०२४ पासूनचा. घोळ होतो तो कागदांत : पत्ता नवा, ड्रायव्हिंग लायसन्स मात्र टेक्सासचंच. ते आधी बदलायला सांगा. घर टेक्सासलाच ठेवून काही महिने काम करणार असेल, तर यातलं काहीच नको. फोनवर सल्ला देतानाही रुग्ण जिथे असेल तिथला नियम लागतो. कॅलिफोर्निया करारात नाही. तिथल्या रुग्णासाठी वेगळा परवाना हवाच.