चिरलेली चासी, लांब शॅकल आणि आरटीओ

प्रश्न (खानापूर): जुनी महिंद्रा ५४० जीप आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या कच्च्या वाटांवर चालवतो. स्टिअरिंग बॉक्सच्या मागे चासीला दोनेक इंचांची चीर पडली आहे. मेस्त्री म्हणतो, पट्ट्या मारून अख्खी चासी पेटीसारखी बंद करू. करावी का?

उत्तर: अख्खी नको. ही चासी मुख्यतः सी-चॅनलची, म्हणजे इंग्रजी C सारख्या एका बाजूने उघड्या पट्टीची. एक चाक चरात नि दुसरं दगडावर गेलं की ती पिळते आणि तो पीळ लांबीभर वाटला जातो. मधलाच भाग बंद केला तर पट्टी जिथे संपते तिथे सगळा ताण गोळा होतो. पुढची चीर तिथेच. सगळी बंद केली तर भार क्रॉस मेंबरच्या (चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) रिव्हेटांवर जातो. वर आपल्याकडचा लाल चिखल आत शिरला की महिनोन् महिने सुकत नाही, आणि चासी आतून खाल्ली जाते ती दिसतही नाही.

आधी चीर एकच आहे का ते बघा. तारेच्या ब्रशने रंग-गंज काढा, थिनरने पुसा, पूर्ण सुकवा आणि डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत झिरपणारा लाल रंग, मारा. लाल रंग पुसून पांढरा स्प्रे मारला की केसाएवढी चीरही लाल रेघ होऊन उमटते. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या कामाची माणसं आहेत, त्यांना हे नवं नाही. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, म्हणजे पाटे जिथे चासीला अडकतात ते कान, आणि क्रॉस मेंबरचे सांधे याच फेरीत तपासा. रिव्हेटच्या डोक्याभोवती तपकिरी भुकटीची कड दिसली तर तो ढिला आहे. त्यावर वेल्डिंग करू नका. रिव्हेट काढा, भोक रीमरने गोल करा आणि घट्ट बसणारा ८.८ ग्रेडचा बोल्ट टाका. टोकदार हातोड्याने पत्रा आत जात असेल तर मात्र थांबा, वेल्डिंग धरायला तिथे लोखंडच उरलेलं नाही.

मग माप. गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही हँगरच्या पिनांवरून ओळंबे सोडा, खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक ५-६ मिमीपेक्षा जास्त आला तर चासी आधी सरळ करायची, वेल्डिंग नंतर. उलट केलंत तर वाकडेपणा कायमचा होतो.

आता दुरुस्ती. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं आणि अल्टरनेटरची वायर सोडा, डिझेल टाकी उतरवा, ब्रेकची नळी बाजूला घ्या. अर्थचा चिमटा चिरेजवळच लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून फिरतो. चिरेचं टोक दिसतं त्याच्या ५ मिमी पुढे ६ मिमीचं भोक पाडा, नाहीतर ती वेल्डिंगखालून पुढे सरकते. ग्राइंडरने चिरेला व्ही-आकाराची खाच करा. वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा, जाडी २.५ मिमी, डीसी मशीन, होल्डर पॉझिटिव्हला, ७० ते ९० अँपिअर. रॉड ३०० अंशांवर तासभर भाजून गरम असतानाच वापरा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड दमट होतो, त्यातला हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि रात्रीत वेल्डिंगच्या कडेने नवी चीर जाते. लोक शिव्या मेस्त्रीला घालतात.

वेल्डिंग घासून सपाट करा आणि वर चासीच्याच जाडीची पट्टी बसवा. ती चिरेच्या दोन्ही बाजूंना १०० मिमी पुढे जावी, टोकं तिरकी निमुळती कापलेली असावीत. २५-३० मिमीचे टाके आलटून पालटून मारा, म्हणजे चासी तापून वाकणार नाही. सरळ उभा टाका कुठेही नको आणि वरच्या-खालच्या फ्लँजवर (सी-चॅनलच्या आडव्या कडांवर) आडवा टाका तर अजिबात नको. पेटी करायचीच तर फक्त स्टिअरिंग बॉक्सपाशी करा, तीही टोकं अशीच निमुळती ठेवून, म्हणजे ताण एका जागी गोळा होणार नाही. बोल्टांसाठी आरपार नळी घाला, नाहीतर आवळताना पत्रा चेपतो आणि बोल्ट पुन्हा ढिले पडतात. पाणी निघायला तळाला १० मिमीची दोन भोकं ठेवा.

प्रश्न (निपाणी): पुढचे शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कड्या) दोन इंच लांब केले तर गाडी किती उचलेल?

उत्तर: एकच इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. शॅकल पुढे असलेल्या जीपमध्ये त्याने कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि गाडी डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग धरत नाही. २ ते ४ अंशांची टेपर (पाचरीसारखी निमुळती) पट्टी पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये घालून कॅस्टर परत आणता येतो, पण पट्टी उलटी बसली तर बिघाड दुप्पट, म्हणून बसवून झाल्यावर कोन मोजाच. लांब शॅकल बाजूलाही डुलतात. त्यापेक्षा पाट्यांना नव्याने कमान मारून घेणं बरं. गाडी ५० मिमीच्या पुढे उचलू नका. काम झाल्यावर चासी जॅकवर उचलून चाकं पूर्ण लोंबू द्या: ब्रेकचा होज ताणला जातो का आणि प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) स्लाइडिंग जॉइंट सुटायला येतो का, ते तिथेच कळतं.

प्रश्न (बेळगाव): चासी कापून लांब केली तर पासिंगला अडचण येईल?

उत्तर: येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. चिरेची दुरुस्ती ही वेगळी गोष्ट. तरी काम सुरू करण्याआधी चासी नंबरचा स्पष्ट फोटो काढा, नंबरावर ग्रीस लावून टेप मारा आणि तिथे ग्राइंडर फिरवायचा नाही हे मेस्त्रीला आधीच सांगा.